जयानगरचा वेढा आणि भीमसिंगचे बैल

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फारसं काही नाही. बोरी अरबजवळच्या तांड्यातली एक खोली. वर टिनाचं छप्पर, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, मधोमध शिलाई मशीनचं जुनं टेबल. मशीन केव्हाच गेलं, टेबल राहिलं. त्यावर लॅपटॉप, शेजारी नेटसाठी ठेवलेला मोबाइल आणि एक शंभर पानी वही. दारात हंसाबाई सुपात तूर पाखडते आहे. रविवार, दुपारचे पावणेचार. आणि लॅपटॉपसमोर, कानावर हेडफोन चढवून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला हा उंच, वाळका गृहस्थ म्हणजे तिचा नवरा भीमसिंग आडे, वय त्रेसष्ट, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर.

चार वाजता त्याच्या कानात दोन ठोके पडायला हवेत. स्टीलच्या पेल्यावर चमच्याचे दोन ठोके. पडले, तर सगळं आहे. नाही पडले, तर तिकडे यवतमाळला, लोहाऱ्यात, एक माणूस खुर्चीत बसला आहे तो बसूनच राहील. आणि या वेळी त्याला खुर्चीत बसवलं ते भीमसिंगनं.

तो माणूस म्हणजे धर्मपाल मुनेश्वर, भीमसिंगचा कंडक्टर. दारव्हा-यवतमाळ फेरीवर दोघांनी बावीस वर्षं काढली. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. नाटकवाल्यांना पडद्यासाठी तिसरी घंटा लागते, एसटीचं दोनातच भागतं. पण त्या दोन झाल्याशिवाय भीमसिंगनं कधी गाडी तसूभर हलवली नाही, मग मागून प्रवासी कितीही ओरडोत.

दोन वर्षांपूर्वी धर्मपालची बायको जया गेली आणि त्यानं व्हरांड्यातली खुर्ची धरली. मुलगी उर्वशी त्याला पुण्याला घेऊन गेली. आठव्या दिवशी परत आला. कोणी काही विचारलं तर 'हं' नाही तर 'नाही', तिसरा शब्द नाही. शेवटी उर्वशीनं भीमसिंगला फोन केला. "काका, बाबा तुमचंच ऐकतात. काहीतरी करा."

काहीतरी म्हणजे काय, ते भीमसिंगला दिवाळीत सापडलं, तेही अचानक. त्याचा पुतण्या राजकुमार लोहाऱ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे. सुट्टीत तांड्यावर आला आणि लॅपटॉप उघडून बसला. पडद्यावर मोठा नकाशा, त्यावर गावं, नद्या, फौजा.

"काय करून राह्यला बे?"

"राज्य करून राह्यलो, काका."

भीमसिंग वाकून पाहू लागला. "हे शिपाई न लढताच कायले मरून राह्यले?"

"त्यायच्यापर्यंत दाणा नाही पोचला."

"मंग फौज हलवाच्या आधी रस्ता नाही पाह्यला?"

राजकुमारनं मान वर केली. दहा वर्षं खेळत होता, पण पहिल्याच मिनिटाला हे कोणी विचारलं नव्हतं. "काका, हा खेळ लय अवघड हाय. शंभर तास तं समजण्यातच जाते."

"बावीस वर्षं एकाच रस्त्यावर गाडी चालवली मी. शंभर तासाचं मले नको सांगू."

पुतण्या तसा दिलदार गडी. त्यानं काकाला कोपऱ्यातलं लहानसं राज्य दिलं, एका अंगाला समुद्र, शेजारी कोणी नाही. म्हणाला, "घड्याळ थांबवून ठेवा, सारं वाचा, मंगच पुढं सरका. एका दिवशी एकच गोष्ट. पह्यले धान्य, मंग रस्ते. फौजेले महिनाभर हातच लावू नका." भीमसिंगनं हिंदीतले शिकवणीचे व्हिडिओ निम्म्या वेगानं पाहिले. प्रत्येक बटणाचं चित्र वहीत काढून त्यापुढे अर्थ लिहिला. पहिलं राज्य दोन तासांत बुडालं. शत्रू नव्हता, त्याचीच माणसं उपाशी मेली. दुसरं टिकलं. तिसऱ्यात त्याच्या धान्याच्या बैलतांड्यांनी निम्मा नकाशा विणून काढला.

आता धर्मपाल आणि स्वतः, दोघांसाठी खेळ विकत घ्यायचा होता, आणि तो होता महाग. राजकुमार म्हणाला, आज घेऊ नका. हव्या असलेल्या वस्तूंच्या यादीत टाकून बसा, दुकान वर्षातून तीन-चारदा भाव पाडतं. मागचे भाव दाखवणारी साइट असते, तिथं तो सगळ्यात खाली कधी आला होता ते बघा. मूळ खेळच घ्या; वेगळे विकले जाणारे जोडतुकडे, जो खेळ मांडतो त्याच्याकडे असले की सगळ्यांना पुरतात. भीमसिंगला यात नवं काही वाटलं नाही. बाजार उठायच्या वेळी भाव पडतो हे त्याला सांगायला नको. मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपात एक अनोळखी माणूस सगळा संच मातीमोलानं द्यायला तयार होता. भीमसिंगनं तो निरोप पुसून टाकला. "ज्याचं गाव माईत नाही, त्याचा बैल दावणीले बांधाचा नाही." खऱ्या दुकानाचा नियम मात्र त्याला पसंत पडला. दोन तासांच्या आत नाही पटला, तर खेळ परत. "म्हंजे जुंपून पाहाची सोय हाय!"

भाव पडला. सवलतीच्या शेवटच्या दिवशी, मुदत सहाची असताना, भीमसिंग चार वाजता लोहाऱ्याला हजर झाला. उर्वशीनं ठेवलेला लॅपटॉप उघडला.

"मले नाही खेळाचं," धर्मपाल म्हणाला.

पडद्यावर उरलेली मिनिटं उलटी पळत होती. पाच वाजले. साडेपाच. भीमसिंगनं विनवण्या केल्या नाहीत, नुसता समोर बसून राहिला. सहाला दहा कमी असताना म्हणाला, "कंडक्टर, रस्ता मले समजते. माणसं मोजनं मले कधीच नाही जमलं. एकट्यानं ही गाडी नाही चालत."

धर्मपालनं खुर्ची पडद्याकडे ओढली. मग विचारलं, "सीटा किती?"

"बारा हजार माणूस हाय सुरुवातीले."

सहाला सहा मिनिटं होती.

"काढ मंग तिकीट."

ओटीपी येता येईना.  दोन मिनिटं उरली असताना तो आला आणि खेळ दोघांच्या नावावर झाला.

तेव्हापासून दर रविवारी चारला तीन लॅपटॉप उघडायचे, तिसरा राजकुमारचा, प्रत्येकाचं राज्य वेगळं. "जय भीम, कंडक्टर." "जय सेवालाल, डायवर." मग पेल्यावर दोन ठोके, टण् टण्, आणि भीमसिंग खेळातलं घड्याळ सोडायचा. या खेळात गावांना आपलं नाव देता येतं. धर्मपालनं पहिल्याच गावाला नाव दिलं, जयानगर. तिथं आधी विहीर बांधली, मग भिंत. तीन महिन्यांत तो भीमसिंगला शिव्या देण्याइतका बरा झाला. रविवारी दाढी करू लागला. उर्वशी फोनवर हसत हसत रडली.

आणि मग राजकुमार चाळीस हजारांची फौज घेऊन जयानगरवर आला.

धर्मपालनं दरवाजे लावून घेतले. आत धान्य बेताचं, पण बाहेर फौजेकडे त्याहून कमी. खेळातले दोन महिने तग धरला असता, तर फौज उपाशी परत गेली असती. तेव्हा राजकुमारनं भीमसिंगला विचारलं, "काका, धान्य इकता का? भाव चांगला देतो." आणि भीमसिंगनं वर्षभराचा शब्द दिला.

कपट त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. त्याचा आजा लदेणीच्या गोष्टी सांगायचा, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर फिरणाऱ्या तांड्यांच्या. दोन फौजा समोरासमोर उभ्या असल्या तरी लमाणांचे बैल मधून जायचे. याही छावणीला दाणा, त्याही छावणीला दाणा, आणि कोणी त्यांच्यावर तलवार उपसायचं नाही. भीमसिंगनं तेच केलं. अर्धे बैल जयानगरला, अर्धे वेढा घातलेल्या फौजेला.

पुढच्या रविवारी धर्मपालला शत्रूच्या कोठारावर आपल्या मित्राचं निशाण दिसलं.

"डायवर, या फौजेच्या पोटात कोणाचा दाणा हाय?"

"माहा."

"तुहा?"

"तुलेही देऊन राह्यलो ना! आमचं लमाणाचं असंच असते, कंडक्टर. धान्याले पक्ष नसते."

 मग धर्मपाल हळू म्हणाला, "तुहा दाणा खाऊन ते भिंत पाडून राह्यले. गावाचं नाव वाचता येते ना तुले?"

पेल्यावर एक ठोका पडला. एकच. आणि पडद्यावरचं त्याचं नाव विझलं.

भीमसिंगनं फोन केले, ते वाजून वाजून बंद पडले. राजकुमार बिचारा म्हणाला, मागचा जपून ठेवलेला खेळ काढू, वेढ्याच्या आधीपासून सुरू करू. उर्वशीनं वडिलांना तसं विचारलं. उत्तर आलं, "गेलेला स्टॉप परत येत नसते." आणि बुधवारी तिनं स्वतःच फोन केला. आवाज पार उतरलेला. "काका, बाबा पुन्हा खुर्चीत बसलेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, कालपासून जेवले नाहीत."

भीमसिंगनं ते हंसाबाईला सांगितलं. आज्याची गोष्टही सांगितली, आपली बाजू म्हणून.

"तुमच्या आज्यानं दोघायले दाणा इकला, खरं हाय," हंसाबाई म्हणाली. "पण किल्ल्यात त्याचा दोस्त होता का?"

 भीमसिंग चपला घालून बाहेर पडला. राजकुमारला दिलेला शब्द मोडावा, तर लमाण कसला? पाळावा, तर जयानगर पडतं. दिवसभर तो शिवारात फिरत राहिला. संध्याकाळी त्याला आज्याच्या गोष्टीचा राहिलेला भाग आठवला. तांडा कधी चोरून जात नसे. पुढे नगारा वाजायचा. कुठून जाणार, कोणत्या घाटावर पाणी पिणार, ते साऱ्यांना ठाऊक असायचं. वाट राखायची ती घेणाऱ्यानं. विकणाऱ्याचं काम, माल वाटेवर आणण्याचं.

गुरुवारी तो लोहाऱ्यात धर्मपालच्या पायरीवर उभा होता.

"जय भीम, कंडक्टर."

धर्मपालनं मान वळवली नाही. गालावर चार दिवसांची पांढरी खुंटं.

"राजकुमारले शब्द देल्ला, तो मी मोडत नाही. रविवारी माहे सारे बैल त्याच्या छावणीकडे निघतीन, हजारच्या हजार. नेहमीच्या वाटेनं नाही, तुह्या दरवाजासमोरच्या नदीच्या उतारावरून. त्यालेही सांगतलं, तुलेही सांगतो. राखाचं त्यानं पाहावं." भीमसिंग खुर्चीकडे वाकला. "लुटाचं तू पाह्य."

भीमसिंग पायरी उतरून वळला.

"फक्त त्यासाठी दरवाजा उघडा लागते," भीमसिंग म्हणाला आणि बसस्टँडची वाट धरली. त्या हजार बैलांवर त्याचं सगळं राज्य उभं होतं. ते गेले, की नकाशावर भीमसिंग उरत नव्हता.

आता पुन्हा त्याच खोलीत येऊ. चार वाजले.

"काका," राजकुमारचा आवाज आला, "मी उतारावर राखण ठेवली हाय. कमी ठेवली, पण ठेवली."

"ठेव ना. तुहं कामच हाय ते."

चार वाजून तीन मिनिटं. धर्मपालचं नाव काळंच. सात मिनिटं. हंसाबाईचं सूप थांबलं होतं.

"काका, सोडता का घड्याळ? ते नाही आले तं बैल तसेच जाऊ देऊ."

"दोन घंट्या झाल्याबिगर नाही."

"पण नाहीच आले तं?"

"तं गाडी उभी राहीन."

नऊ मिनिटं.  अकराव्या मिनिटाला ते नाव उजळलं. खुर्ची सरकल्याचा आवाज, घसा खाकरल्याचा. मग पेल्यावर ठोका पडला.

एक.

 एक म्हणजे थांब. भीमसिंगनं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच दुसरा ऐकला. टण्.

घड्याळ सुटलं. बैलांची रांग टेकडीवरून उतरू लागली. जयानगरचा दरवाजा बंद. पहिले बैल पाण्यात शिरले, दरवाजा बंद. अर्धी रांग नदीत, पलीकडे राजकुमारचे राखणदार, त्यांच्यामागे दाण्याची वाट बघणारे चाळीस हजार. दरवाजा बंदच. भीमसिंग रांग पुढे हाकत राहिला. ड्रायव्हरनं मागे वळून बघायचं नसतं.

आणि दरवाजा उघडला. दोनशे स्वार बाहेर पडले, एवढेच उरले होते. थेट उतारावर आले. राखण फुटली. रांग थांबली. धर्मपालच्या पडद्यावर आता खेळ विचारत असणार, लुटायचं की कापून टाकायचं.

आठवडाभर न वापरलेला, गंजलेला आवाज हेडफोनमधून आला. "डायवर... बिगर तिकिटाचे किती भरून आणले?"

भीमसिंगनं चष्मा काढला. दारात हंसाबाईनं पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की कशासाठी, ते तिलाच ठाऊक. भीमसिंगनं चष्मा सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि माइकजवळ तोंड नेलं.

"हजार. दाणा सारा ने, कंडक्टर. पण बैलायले हात लावू नको, पुढच्या रविवारी मले लागतीन."