असोद्याच्या रानात समुद्राची लाट

मित्रांनो, आज मी वडिलांना समुद्रात गळ टाकायला शिकवलं. तेही समुद्रापासून लांब असोद्याला, आमच्या घरामागच्या शेतात.

नोकरीमुळे मी रत्नागिरीला असतो आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरून मासे धरतो. नानांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर तापीत गळ टाकला, पण समुद्र कधी पाहिला नाही. आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिला सोडून ते एक रात्रही बाहेर राहत नाहीत.

या वेळी येताना माझी गळाची लांब काठी सोबत आणली. कापूस निघालेल्या मोकळ्या रानात नानांनी ती हातात धरली. मी सांगितलं, "ताकद लावून लांब फेकू नका. लाट फुटते तिच्या अलीकडे खोलगट पाणी असतं, मासा तिथेच फिरतो. गळाला शिसं मात्र जड लावायचं, नाहीतर लाट गळ परत आणून टाकते."

"अन ओढ लागली तं? लाट कोन्ती, मासा कोन्ता, मले कसं समजीन?"

मी काठीच्या दोरीचं दुसरं टोक धरून लांब जाऊन उभा राहिलो. दोरी हळूहळू ओढत नेली, मग सैल सोडली. "ही लाट." मग दोन आखूड झटके दिले. "हा मासा."

नानांनी डोळे मिटले. "मासा राहू दे. अजून एकडाव लाट दे."

मी लाटा देत राहिलो. घरातून आईची हाक आली तेव्हाच त्यांनी काठी खाली ठेवली.

घर सोडता न येणारं माणूस तुमच्याकडेही असेल, तर त्याला समुद्र कसा दाखवलात? सांगा, मला खरंच उपाय हवा आहे.