जुळ्या तलवारी

वहिनी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायच्या. रविवारी दुपारी मात्र जेवणाचं टेबल पुसलं, की त्यावर हाताने काढलेला नकाशा पसरायच्या. गोष्ट त्या सांगणार, तिच्यातली पात्रं बाकीचे होणार, आणि वार लागला की हुकला ते फासे ठरवणार, असा तो खेळ. त्यात भावोजी, म्हणजे वहिनींचे बसड्रायव्हर दीर, दोन हातांत दोन तलवारी घेऊन लढायचे. नर्स असलेल्या नणंदबाई, ताई, धनुष्य चालवायच्या.

भावोजींच्या वाढदिवसाला वहिनींनी त्यांच्या पात्राला जादूच्या जुळ्या तलवारी दिल्या. वार लागला की आग. तिथेच गणित चुकलं. इतरांचा वार एक, भावोजींचे दोन; म्हणजे आगही दुप्पट. ताईंनी बाण काढेपर्यंत राक्षस आडवा!

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणे," ताई एकदा म्हणाल्या. "इथे त्या मजेत राहतात, मलाच जागा नाही." सगळे हसले. पुढच्या रविवारी मात्र ताईंना ड्यूटी निघाली. त्याच्या पुढच्याही.

वहिनी काय ते समजल्या. त्यांनी आग निम्मी केली, तर भावोजींचं तोंड उतरलं.

"दिलेलं परत घेता होय?"

वहिनींना ते लागलं. भांडी आवरताना त्यांनी सरळच विचारलं, "भावोजी, त्या तलवारींत तुम्हाला आवडतं तरी काय? आग?"

"आग गेली चुलीत! फासे दोनदा टाकायला मिळतात ना, तीच तर मजा."

मग सोपंच होतं. उजव्या तलवारीची आग वहिनींनी पुरती परत दिली, डावीची काढली. डावीचा वार लागला, तर शत्रूचा तोल जाणार आणि पुढचा वार करणाऱ्या सोबत्याच्या शस्त्राला आग लागणार. त्यांनी ताईंना फोन केला.

"नुसतं बघत बसायचं नसेल तर येते," ताई म्हणाल्या.

रविवारी पुलावर राक्षस उभा ठाकला. भावोजींचा उजवा वार हुकला, डावा लागला.

"ताई, मार लवकर!" ते खुर्चीतून उठूनच ओरडले.

ताईंनी फासा टाकला. पेटता बाण छातीत, राक्षस नदीत! बहीणभावाने टाळ्या दिल्या. पण तो राक्षस वहिनींनी अख्ख्या दुपारसाठी राखून ठेवला होता.

"आता पलीकडे काय आहे?" ताईंनी विचारलं.

"थांबा, आधी चहा टाकते," असं म्हणून वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि पाणी उकळेपर्यंत पलीकडचा काठ रचत राहिल्या.