श्रीपतचा कडक उपास

दोन हजार सहा साली आमच्या बिल्डिंगीत एक बातमी दुधाच्या पिशव्यांबरोबर घरोघर पोचली. तळमजल्यावरचा श्रीपत महिन्यातून एकदा इस्त्रीचा शर्ट घालून मुंबईला जातो, आणि तिथे एक तरुण बाई त्याच्या कंबरेला दोन्ही हातांनी विळखा घालते. बघणारा माणूस खात्रीचा होता. बातमी खोटीही नव्हती, फक्त अर्धी होती. त्या बाईच्या हातात मापाची टेप होती.

तिचं नाव संपदा. मुंबईच्या एका इस्पितळात ती औषधाच्या अभ्यासाचं काम बघायची. आमच्या नायगावात तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा श्रीपत तिच्या हाती सापडला. त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम निघाला. मी त्याला मेट्याबाळ म्हणायचो. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी, सगळं थोडंथोडं वर. म्हणजे चोर दाराशी जमलेत, आत अजून एकही शिरलेला नाही. ते शिरण्याआधीच अडवता येतात का, हे बघायला देशोदेशीची माणसं एकसारखी दिसणारी गोळी घेत होती, आणि त्यांत आता श्रीपतही. त्यातल्या निम्म्यांच्या गोळीत औषध, निम्म्यांच्या गोळीत काहीच नाही. कुणाला कुठली, ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. अट एकच, मधुमेह झालेला नको. तो झाला की अभ्यासातून बाहेर.

श्रीपत मूळचा खाडीकाठचा भातशेतीवाला. शेतावर इमारती उठल्या आणि त्यातल्याच आमच्या इमारतीत त्याला फ्लॅट मिळाला. जिथे पोटरीभर चिखलात लावणी करायचा, तिथेच आता सोफ्यावर बसून टीव्ही बघायचा. भात पहिल्याइतकाच खायचा, चिखल तेवढा गेला होता. मी म्हणायचो, श्रीपतशेट, बिल्डरने जेवढी जमीन घेतली तेवढी तुमच्या पोटाने परत मिळवली.

पण तो इस्त्रीचा शर्ट हौसेचा नव्हता. त्याच्या थोरल्या भावाला, रमेशला, साखर आहे हे कळलं तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, मग रमेश. तेव्हापासून श्रीपत आंघोळीनंतर पायरीवर बसून दोन्ही पावलं उलटीसुलटी करून बघायचा. तेव्हा मात्र त्याची थट्टा करायला माझीही जीभ उचलायची नाही.

वर्षाने रक्त तपासायचं ठरलं. फोन त्याच्या बायकोने, कृष्णाबाईंनी घेतला. संपदा म्हणाली, मंगळवारी उपास करून पाठवा. इस्पितळात गेल्यावर तिने त्यालाही विचारलं, उपास केलात ना? श्रीपत छाती काढून म्हणाला, कडक.

साखर निघाली मधुमेहाच्या रेषेच्या पार पलीकडे. एका तपासणीवर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, त्यांनी त्याला पुन्हा बोलावलं. श्रीपत गेलाच नाही. शर्ट कपाटात गेला, टीव्ही बंद झाला. संपदाचे फोन यायचे आणि कृष्णाबाई, ते घरात नाहीत म्हणून सांगायच्या. पायरीवर बसून तो आता एकच पाऊल बघायचा. उजवं. रमेशचं तेच गेलं होतं.

मी समजूत घालायला गेलो आणि सवयीने भलतंच बोललो. म्हटलं, श्रीपतशेट, त्या दिवशी संपदासमोर जाताना साखरभात हाणला होता की काय? कृष्णाबाई उसळल्या. "भाऊजी, काय बोलता? उपास होता त्यांचा. साबुदान्याची खिचडी नि रताळ्याचा कीस, याच्यापरतं त्यांनी तोंडात काय घातलं नाय. मीठ पन उपासाचंच."

मला हसू फुटलं, पण त्यांचा चेहरा बघून ते अर्ध्यावरच राहिलं. संपदाचा उपास म्हणजे रिकामं पोट, हे मी समजावलं तसं त्यांनी तोंडाला पदर लावला. रेषेपलीकडे त्याला आपल्याच हातच्या खिचडीने ढकललं, हे त्यांना कळून चुकलं. श्रीपत उठला आणि कपाटातून शर्ट काढला.

दुसऱ्या वेळी तो खरोखर उपाशी गेला. साखर रेषेच्या अलीकडे आली, पण इतकी चिकटून की डॉक्टरांनी त्याला आनंद होऊ दिला नाही. अभ्यासात ठेवलं, भात कमी करून रोज चालायला सांगितलं. आता तो संध्याकाळी आपल्याच जुन्या शेतातून, इमारतींच्या मधून चालतो. पलीकडच्या सोसायटीचा वॉचमन त्याला विचारतो, कुणाकडे जायचंय. परत आला की पायरीवर बसून पावलं बघतो. हल्ली दोन्ही.

अभ्यासाच्या दिवसांत एकदा तो गोळी तोंडात टाकत होता, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, श्रीपतशेट, तुमच्या वाट्याला रिकामी गोळी आली असली तर? वर्षभर नुसता खडू खाताय.

तो पाणी प्यायला आणि पेला खाली ठेवून म्हणाला, "असूदे खडू. दादाला कोनी खडू पन नाय दिला."