रात्रभर झोपून थकणारे मामा

थकवा या विषयावर आमच्या मोठ्या मामांइतका विचार अख्ख्या चांदा जिल्ह्यात कुणी केला नसेल. आरमोरीच्या तलावात जन्मभर जाळं फेकलेला हा माणूस. थकणं म्हणजे काय, हे त्यांना पन्नाशीपर्यंत ऐकूनच ठाऊक. मग पाय सुजले, चेहरा सुजला. चांद्याच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं खराब झाल्याचं सांगितलं, मीठ बंद केलं आणि आराम करा म्हणाले. "आरामच तं करून राह्यलो, साहेब. त्याच्यानंच थकून राह्यलो," असं मामांनी त्यांना ऐकवलं. दुसरा कुणी हाय खाऊन बसला असता. मामांना मात्र कुतूहलानं पछाडलं. "रातभर झोपलो मी, तं काम कोनं केलं?" हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न. संशय आधी खाटेवर गेला. मामीची खाट स्वतः घेतली, आपली मामीला दिली. सकाळी मामी टवटवीत आणि मामा गळालेले. खाट निर्दोष सुटली. मग गोठ्यात झोपून पाहिलं, मोहाच्या झाडाखाली झोपून पाहिलं. शेवटी रस्त्यानं जाणाऱ्यांची उलटतपासणी सुरू झाली. "का गा, थकवा तुले पह्यले कुठी येते? पायात का डोळ्यात?" बाजाराला निघालेला एकजण बिचारा "पोटात" म्हणाला. त्याला थकवा आणि भूक यांतला फरक समजावण्यात अर्धी सकाळ गेली, आणि मामीला त्याला जेवू घालावं लागलं.

उन्हाळ्यात तलाव आटला की ढिवरांची सगळी घरं मिळून मासे काढत. नियम एकच: ज्याचे पाय पाण्यात, त्याला वाटा. काठावर बसणाऱ्यालाही मासे मिळत, पण वानोळा म्हणून. मामांना ते सोसणारं नव्हतं. "वानोळा म्हाताऱ्यायले देतेत. मी पान्यात जाईन." मामी रडली, मी हातापाया पडलो, पण मामा जाळं घेऊन बैलगाडीत बसलेच.

गुडघाभर पाण्यात आम्ही त्यांना धरून उभं केलं. त्यांनी जाळं खांद्यावर घेतलं, हात उचलला, आणि तो तसाच खाली आला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. लोक आपापली जाळी थांबवून बघत राहिले. मामा हळूच पाण्यातच बसले.

संध्याकाळी वाटे घालणाऱ्या सोमाभाऊंनी एक वाटा मामांपुढे ठेवला.

"मी तं जाळं टाकलंच नाई, सोमाभाऊ."

"जाळ्याचं काय घेऊन बसला, भाऊ? नियम पायाचा हाय. तू तं कंबरेपर्यंत ओला हायेस. घे."

मामांनी तो वाटा स्वतःच्या हातानं उपरण्यात बांधून घेतला. गाडीत बसल्यावर मामीला म्हणाले, "आज थकलो, तं कशानं थकलो ते मले मालूम हाय."

आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेले. पुढचा उन्हाळा त्यांना लाभला नाही, आणि इतकी गाढ झोप त्यांना पुन्हा लागलेलीही मी पाहिली नाही. त्या संध्याकाळी मी गाडीवानाला म्हटलं, घाई नाही, लांबच्या रस्त्यानं घे.