घरचं तिकीट

आमच्या खेळघरात सुकदेवभाऊंनी पहिल्या गुरुवारी माझ्या मुलाला एकच प्रश्न विचारला, "कुठं उतरणार?" अभय साडेतीन वर्षांचा होता, माझा पदर मुठीत धरून गळा काढून रडत होता. तोवर सगळ्यांनी त्याला "का रडतोस?" असंच विचारलं होतं. या नव्या प्रश्नानं तो गोंधळला आणि हुंदके देत म्हणाला, "घरी." भाऊंनी जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा तुकडा फाडला, नेलकटरनं टिक्-टिक् केलं आणि घरचं तिकीट त्याच्या हातात दिलं.

सुकदेवभाऊ धुळे डेपोत कंडक्टर होते. त्यांचा खराखुरा पंच डेपोत जमा असायचा, म्हणून नेलकटर. धुळ्याच्या आमच्या कॉलनीतली जवळची बालवाडी हायवेपलीकडे होती. म्हणून आम्ही सहा घरांनी मिळून हे खेळघर काढलं होतं. रोज एका घरी, आठ ते अकरा, त्या घरच्या आईची पाळी. सुकदेवभाऊंची बायको सिव्हिलमध्ये नर्स. तिला सकाळची सवड नाही, भाऊंची मात्र गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. "मंग मीच येस," ते म्हणाले. पुरुषमाणूस पोरं काय सांभाळणार म्हणून आम्ही बायकांनी नाकं मुरडली. त्यात मी आघाडीवर होते.

त्यांच्याकडे खेळ एकच, एसटी. पाट मांडायचे, दोन घंट्या, गाडी सुटली. नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा. "पुढे सरका, मधी जागा शे," हे चारच प्रवासी असले तरी. पण त्या खेळात पोरं रांग शिकली, गावांची नावं शिकली आणि खिडकीच्या जागेवरून भांडून झाल्यावर अर्ध्या वाटेत जागा बदलायलाही शिकली. कुणाला उचलून बसवणं नाही, डोळे वटारणं नाही. मी एकदा म्हटलं, जरा धाक हवा. तर म्हणाले, "कुठं जायाचं ते पॅसेंजर ठरवस, ताई. कंडक्टर फक्त पोचाडस."

माझी अडचण वेगळीच होती. मला सातवा महिना होता. अभय मला सोडून कुठंही राहत नव्हता, म्हणून महिनाभर मी रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी भिंतीला टेकून बसत होते. बाळंतपणात या पोराचं काय करायचं, या विचारानं मला झोप लागत नव्हती. एका गुरुवारी भाऊ मला दारातच म्हणाले, आज तुम्ही घरी जा. मी जीव मुठीत धरून गेले.

साडेदहाला फाटक वाजलं. बघते तर अभय. घामानं निथळलेला, गळ्यात पाण्याची बाटली, हातात तिकीट. मधे दोन गल्ल्या आणि एक उघडी गटार. तो म्हणाला, "मी आलो. एकटा."

त्याला मी आधी छातीशी धरलं, मग धपाटा घातला, मग पुन्हा धरलं. संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमले. अभय कॉटवर पाय हलवत बसला होता. सुधावहिनी खेळघराच्या कर्त्याधर्त्या. त्यांनी विचारलं, तुमचं लक्ष कुठं होतं? मीही ठेवणीतलं बोलले. तुमच्या भरवशावर पोर सोडलं, त्याला काही झालं असतं म्हणजे? ड्युटीवर रोज माणसं विसरता का? हे शेवटचं वाक्य मला आजही टोचतं.

भाऊंनी एकदा कॉटकडे पाहिलं. मग चूक कबूल करत म्हणाले, "चूक मनी शे. घरचं तिकीट दिधं, अन् मी गाडी नेली नही."

आम्ही त्यांची पाळी काढून घेतली. त्यांनी तक्रार केली नाही. उलट दर आठवड्याला मुलगी छबीच्या हाती तिकिटांचे कागद कापून पाठवत राहिले. आणि अभय? तो दुसऱ्या दिवसापासून रडायचा थांबला. "तू जा, मी येतो," असं म्हणायला लागला. मी याचं श्रेय माझ्या धपाट्याला दिलं.

धाकटी तीन महिन्यांची झाल्यावर एकदा दळण घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्यानं सहज विचारलं, तुमच्या कंडक्टरनं त्या दिवशी तो कोणता खेळ काढला होता? सगळी पोरं एकमेकांचे सदरे धरून रांगेत, तोंडावर बोट, हूं नाही की चूं नाही. पुढं तुमचा पोरगा एकटा चालतोय आणि ही वरात वीस पावलं मागं. तुमचं फाटक लागलं तेव्हा माझ्या दुकानापासून परत फिरली.

तोवर भाऊंची शिंदखेड्याला बदली होऊन घर रिकामं झालं होतं. वर्षभरानं एका लग्नाला जाताना शिंदखेड्याच्या गाडीत ते अचानक समोर आले, गळ्यात पट्टा, हातात तिकिटांचा ट्रे. छबी कितवीत, बाळ कसं, सगळं बोलून झालं. मग मी विचारलं, त्या संध्याकाळी सांगितलं का नाही? आम्ही एवढं तोंडाला येईल ते बोललो.

त्यांनी पुढच्या प्रवाशाचं तिकीट फाडलं, सुट्टे दिले, मग माझ्याकडे वळले. "तुमना आंडोर, अभय, तठेच बशेल व्हता ना, ताई. मी मांगे व्हतू अशे सांगतू, ते मंग तो एकला घर उनाच नही."

म्हणजे, तो एकटा घरी आलाच नाही असं ठरलं असतं. मला रडू आलं. मी माफ करा म्हणाले, तर त्यांनी नुसता हात हलवला आणि मागच्या सीटकडे गेले. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही.

अभयला आता दोन मुलं आहेत. धाकटी शाळेच्या दारात रडते, तेव्हा तो तिला उकिडवा बसून सांगतो, "मी तुझ्यापेक्षा लहान होतो, तरी एकटा घरी आलो होतो. विचार आजीला."

ती माझ्याकडे बघते. मी म्हणते, "हो गं. एकटाच आला होता."