नोव्हायच्या काकांनी गप्प केलेलं घर

१० ऑक्टोबर १९८७, शनिवार. आमच्या हॉटेलातल्या चौदापैकी नऊ खोल्यांतल्या चादरी ओढून दुपारी दोनच्या आत नव्या घालायच्या, हे त्या दिवशीचं काम. पानांचे रंग पाहायला येणाऱ्यांचा तो ऐन शनिवार; एक पाहुणा निघाला की त्याच्या उशीला पडलेला खळगा भरायच्या आत दुसरा दारात उभा. चादरी ओढता ओढता मी एकाच गोष्टीचा विचार करत होते : नोव्हाय गावच्या काकांना खरं सांगायचं की नाही. ते रविवारी सकाळी घरी जायला निघणार होते, आणि गेले की पुन्हा येणार नव्हते. तसं ते स्वतःच सांगून बसले होते.

जगातला प्रत्येक आवाज हा कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे होतो, आणि तो निष्काळजीपणा शोधून काढून बंद करणं हे आपलं कर्तव्य आहे, असं मानणारा मला भेटलेला हा एकमेव माणूस. माझा नवरा मोटारीच्या कंपनीत होता तेव्हा काका त्याचे वरिष्ठ. आमची मुलं काका म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. नव्या गाडीत कुठे काय वाजतं ते शोधायचं, हीच त्यांची नोकरी. मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचं, ड्रायव्हरने मैलोन् मैल गाडी पळवायची, आणि काकांनी मध्येच सांगायचं, “उजव्या दारात, हँडलच्या खाली, एक क्लिप सैल आहे.” दार उघडलं की क्लिप सैल निघायचीच. इंग्रजीत या आवाजांना दोन-तीनच शब्द आहेत म्हणून अमेरिकन इंजिनियर मागे पडतात, असं त्यांचं ठाम मत होतं. हाताखालच्या गोऱ्या पोरांना त्यांनी कुरकुर, करकर, चरचर, खुळखुळ आणि खडखड यांतला फरक शिकवला होता. कंपनीच्या एका रिपोर्टात ‘डॅशबोर्ड कुरकुर, मायनर’ असं छापून आल्याचं नवरा शपथेवर सांगतो. एकदा माझ्या सासूबाई त्यांच्या गाडीतून विमानतळापर्यंत गेल्या, तर वाटेत थांबून काकांनी त्यांना बांगड्यांवर रुमाल बांधायला लावला. “मावशी, तुमच्यामुळे मला गाडी ऐकू येत नाहीये,” म्हणाले. सासूबाईंनी रुमाल बांधला आणि पुढचा पाऊण तास त्या माणसाशी एक शब्द बोलल्या नाहीत. काकांना ते फार आवडलं.

मंदीत नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आम्ही उत्तर मिशिगनमधलं हे हॉटेल घेतलं. एका लाकूडवाल्याने तळ्याकाठी हौसेने बांधलेलं तीन मजली लाकडी घर. मे महिन्यात उघडायचं, नोव्हेंबरात पाइपांतलं पाणी काढून टाकायचं आणि कुलूप लावायचं. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात काका पहिल्यांदा आले. हिवाळाभर बंद असलेलं घर उघडलं की आठवडाभर लाकूड नुसतं कण्हत असतं. काका जिन्याच्या तीन पायऱ्या चढले आणि वाईट बातमी ऐकल्यासारखे चौथीवर बसले.

“वहिनी, या घरात तुम्ही झोपता कशा?”

“आडवी,” मी म्हटलं.

त्यांनी आलेखाच्या कागदाची वही काढली. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट आवाज टिपून झाले होते, जागेसकट आणि जातीसकट. बायको डॉक्टर, तिचा जुना स्टेथोस्कोप ते घेऊन आले होते. तो भिंतींना, खांबांना, बिजागऱ्यांना लावत घरभर फिरले. तेव्हापासून वर्षातून तीनदा, मेमध्ये, जुलैत आणि ऑक्टोबरात, नोव्हायहून चार तास गाडी हाकत ते यायचे. रेडिओ बंद, कारण गाडी ऐकायची असते. मी चांगली खोली दिली तर घेत नसत. “मी पाहुणा नाही, कामाला आलोय,” म्हणून पोटमाळ्यावरची चिंचोळी खोली धरायचे, आपली चादर आपण घालायचे, आणि एक तरी आवाज बंद केल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. नुसतं बसून राहणं त्यांना जमतच नव्हतं. त्यांच्या बायकोचा फोन आला की ती मला एवढंच विचारायची, “अजून दोन दिवस ठेवून घेता येतील का? मला फ्रिज उघडू दे जरा मनासारखा.”

त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नव्हती. फुकटात एवढा चांगला माणूस मला पूर्ण मिशिगनमध्ये मिळाला नसता. पण कुठे थांबायचं हे त्यांना कळत नसे. पंच्याऐंशीच्या मेमध्ये आमच्या हिरवळीवर एक लग्न होतं. नवरीच्या बापाचे नवे बूट चरचरत होते. वाजंत्री सुरू व्हायला दहा मिनिटं असताना काकांनी त्या धिप्पाड माणसाला पोर्चमध्ये खुर्चीवर बसवलं, गुडघ्यावर बसून त्याचे बूट काढले आणि तळव्याखाली अख्खा टाल्कम पावडरचा डबा रिकामा केला. तो बिचारा आधीच रडवेला झालेला. हा आमच्याकडचा काही धार्मिक विधी असेल असं समजून गप्प बसला. बूट गप्प झाले खरे, पण फोटोंमध्ये निळ्या गालिच्यावरून नवरीच्या शेजारून पांढरी पावलं चालत गेलेली दिसतात. काकांना फोटो दाखवले तर म्हणाले, “आवाज येतोय का त्यात?”

जुलैत त्यांनी पोर्चमधल्या बारा झुलत्या खुर्च्या धरल्या. दोन दिवसांत बाराही खुर्च्या हवेत तरंगल्यासारख्या निःशब्द डुलायला लागल्या. तिसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या पाहुण्या, शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई, काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“माझी खुर्ची पूर्वी बोलायची. ती परत करा.”

“मॅडम, तो डिफेक्ट होता,” काका म्हणाले.

“असेल. पण माझा होता.”

ही चर्चा सकाळच्या कॉफीपासून जेवणापर्यंत चालली. शेवटी काकांनी एका खुर्चीचे दोन स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल केले, ती पोर्चच्या पार टोकाला नेऊन ठेवली, आणि वहीत लिहिलं, ‘ग्राहकाच्या हट्टावरून.’ त्या बाई आणि काका त्यानंतर पक्के मित्र झाले. दोघं टोकाला बसून एकमेकांना सुधारत असत.

वहीतले आकडे दर खेपेला उतरत गेले. त्रेसष्टाचे अडतीस झाले, अडतीसाचे एकोणीस, यंदाच्या जुलैत सात. नवरा येईल त्याला अभिमानाने ते पान दाखवायचा. मलाही वाटायचं, घर सुधारतंय. कसं नाही वाटणार? माणूस रोज गुडघ्यावर बसून फटीत मेण भरतोय, तर फटी कमी व्हायलाच हव्यात. तीन वर्षांत माझ्या एवढंच लक्षात आलं होतं की हल्ली समोरचा बोलत असताना काका त्याच्या तोंडाकडे बघतात. पण माणसांचं बोलणं ते पहिल्यापासूनच ऐकत नसत, त्यामुळे फरक कळायला वेळ लागला.

कळलं ते असं. तळघरातला विहिरीचा पंप गुरुवारपासून किंचाळायला लागला. वर कुणीही नळ सोडला की खालून काचेवर सुरी ओढल्यासारखा आवाज, तिसऱ्या मजल्यापर्यंत. गावातला प्लंबर सोमवारी येतो म्हणाला. मी त्याला म्हटलं, “सोमवारपर्यंत तू यायची गरजही राहणार नाही,” कारण शुक्रवारी संध्याकाळी काका येणार होते. मुद्दाम त्यांना फोनवर काही सांगितलं नाही. दारात पाऊल टाकताच त्यांचे कान ताठ होतील, ते बॅग तिथेच टाकून तळघरात उतरतील, त्यांना तेवढाच आनंद. हत्यारांची पेटीही मी जिन्यापाशी काढून ठेवली होती.

काका आले. त्या वेळी दोन न्हाणीघरांत अंघोळी चालल्या होत्या आणि पंप नुसता बोंबलत होता. काकांनी हत्यारांच्या पेटीला वळसा घातला, पोटमाळ्यावर गेले, हात धुऊन जेवायला आले. रात्री वहीत त्यांनी काही लिहिलं नाही. शनिवारी नाश्त्याच्या टेबलावर बावीस माणसं होती. पंप सुरू झाला तसे बावीस चमचे थांबले. शाळेच्या बाईंनी कापूस काढून कानांत घातला. काका टोस्टला लोणी लावत होते, कडेपर्यंत, एकसारखं. मग त्यांनी सुरी खाली ठेवली, मान जराशी कलती केली आणि घर ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

“वहिनी,” ते म्हणाले, “झालं बरं का. झिरो. हे घर आता एकदम सायलेंट आहे.”

काकांनी वही माझ्यासमोर ठेवली. “ही तुमच्याकडे राहू दे. माझं काम संपलं. आता मी इथे येऊन काय करणार?”

“राहायला या ना,” नवरा म्हणाला. “नुसतं पाहुणे म्हणून. काकूंना पण घेऊन या.”

“पाहुणा म्हणून मला जमत नाही यार. दुसऱ्या दिवशी मी तुझं झुंबर उतरवायला घेईन.” ते हसले. अगदी मोकळं हसले. खालून पंप ओरडतच होता.

म्हणून मी चादरी ओढत विचार करत होते. नवरा दुसऱ्या टोकाने चादर धरून उभा होता.

“सांगू नकोस,” तो म्हणाला. “आयुष्यभर कानांवर जगलेला माणूस आहे. खूश होऊन जातोय, जाऊ दे.”

“आणि परत येणार नाहीत.”

“फोन करू आपण.”

“फोनवर आपलं तोंड कुठे दिसणार त्यांना?” मी म्हटलं. “आणि कंपनीत अजून तेच काम करतायत. कुणाला तरी कळेलच. जो सांगेल त्याला त्यांची काय पडलेली असेल?”

“मग तू काय करणारेस?”

“तू कोपरा नीट धर, चुण्या पडतायत.”

मला काय करायचं ते खरंच माहीत नव्हतं. वडिलांच्या वेळी मी पाहिलं होतं, आधी वरचे, बारीक आवाज जातात. बोलणं ऐकू येतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. वडिलांना मी सरळ सांगितलं होतं, ‘तुम्हाला ऐकू येत नाही,’ आणि त्यांनी तीन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ते माझे वडील होते, त्यांना परत बोलणं भाग होतं. काकांवर माझा तसा काही हक्क नव्हता. दिवसभर पाहुणे आले-गेले, तळ्यावर फिरून आले, लाल पानं गोळा करून माझ्या धुतलेल्या टेबलांवर मांडून बसले. प्रत्येकाने पंपाबद्दल विचारलं. मी म्हटलं, सोमवारी. काका पोर्चमध्ये शांतपणे पेपर वाचत होते. शाळेच्या बाई त्यांच्या शेजारी कापूस घालून बसल्या होत्या आणि माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही गृहपाठ मी केलेला नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला काका बॅग घेऊन खाली उतरले. मी म्हटलं, “काका, निघायच्या आधी जरा तळघरात येता?”

“काय झालं?”

“या तर.”

खाली जाऊन मी धुण्याच्या टाकीचा नळ सोडला. पंप सुरू झाला. माझे दात शिवशिवले. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांचा हात धरला आणि पंपाच्या पाठीवर ठेवला. लग्न झालेल्या बाईने परपुरुषाचा हात धरून तळघरात उभं राहायचं, हे आमच्यात बसत नाही, पण बोलण्यापेक्षा सोपं होतं.

त्यांचा तळवा तिथे बराच वेळ राहिला. मग बोटं सरकली, पुढे, खाली, परत पुढे.

“बेअरिंग,” ते म्हणाले. “पुढचं. बरंच खाल्लंय.” आणि मग, “आवाज करत असेल.”

“करतोय.”

“कधीपासून?”

“गुरुवारपासून.”

त्यांनी हात काढला नाही. “मोठा?”

“नळ सोडला की तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो,” मी म्हटलं. कमी करून सांगितलं नाही; ते त्यांना आवडलं नसतं.

काकांनी छताकडे पाहिलं, मग जिन्याकडे. काल सकाळचा नाश्ता ते बहुधा पहिल्यापासून आठवत होते. मी नळ बंद करायला वळले तर म्हणाले, “राहू द्या.” त्यांनी कोट काढून खिळ्याला अडकवला. “आज नवीन बेअरिंग मिळायचं नाही. पण तेल आणि थोडं घट्ट-सैल केलं तर भागेल. पाना द्या. आणि वहिनी, तुम्हाला इथे उभं राहावं लागेल. मी विचारेन तसं सांगायचं.”

“नाश्ता आहे माझा. बावीस माणसं.”

“तर मग लवकर सांगायचं.”

मी वर जाऊन नवऱ्याला नाश्ता तू बघ, मला हाक मारू नकोस असं बजावलं आणि परत तळघरात आले. काका आडवे होऊन पंपाखाली सरकले.

“आता?”

“आहे.”

“आता?”

“वाढला.”

“वाढणारच. आता?”

“कमी. थोडा कमी.”

“थोडा म्हणजे काय, वहिनी? नीट ऐका. सुरुवातीला कमी की शेवटी?”

मी नीट ऐकलं. एवढं नीट मी आयुष्यात काही ऐकलं नसेल. वरून टोस्ट करपल्याचा वास येत होता. पाऊण तासाने पंप नुसता घुमायला लागला, दूरवर बोट जावी तसा.

“थांबला,” मी म्हटलं.

त्यांनी बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे पाहिलं. “नक्की?”

“नक्की.”

ते पाना पुसायला लागले. खूप वेळ पुसत होते. “नोव्हेंबरात तुम्ही पाइप रिकामे करता ना?” ते म्हणाले. “तेव्हा बेअरिंग घेऊन येतो. पण तुम्ही हवात खाली. तुमच्या नवऱ्यावर माझा विश्वास नाही, तो सगळ्यालाच ठीक म्हणतो.”

“येईन,” मी म्हटलं, “नाश्ता आधी उरकू देणार असाल तर.”

मग वर जाऊन मी नवऱ्याच्या हातातलं उलथनं काढून घेतलं, करपलेले टोस्ट फेकले आणि पहिल्यापासून अंडी फोडायला घेतली.