पालक पराठा नव्हे, गोझ्लेमे

आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत होती. रात्री अकराच्या सुमाराला तिच्यावर लाटण्याचे ठोके पडले, की मी गाऊनवर ओढणी टाकायची, घराला कुलूप लावायचं आणि शेजारी खायला जायचं. मी जेवले आहे की नाही, हा प्रश्न त्या ठोक्यांत नसे.

ही नव्वदच्या दशकातल्या दुबईतली, करामा भागातली गोष्ट. माझा नवरा अबुधाबीच्या साइटवर, गुरुवारी रात्री घरी यायचा. शेजारच्या तुर्की बाईचा नवरा हॉटेलात कुक, तो मध्यरात्र उलटल्यावर यायचा. मी तिला तेझे म्हणायचे, म्हणजे मावशी. ती जवळच्याच एका पार्लरमध्ये होती आणि तिथल्या मुलींकडून हिंदी शिकली होती. ते ऐकलं की आपलं हिंदी फार चांगलं आहे असं वाटायचं.

"पहले खाओ," ती म्हणायची, "टेन्शन बाद में."

टेन्शन खरं तर तिलाच होतं. तिचा एकुलता एक मुलगा तिकडे तुर्कस्तानात सक्तीच्या लष्करी नोकरीत होता, डोंगराळ सरहद्दीवर. तिथं चकमकी चालायच्या. छावणीतल्या फोनसमोरची रांग सरली, की रात्री त्याचा फोन यायचा. कधी यायचा, कधी नाही. फोनशेजारी एकटीला बसवत नाही, म्हणून ती मला बोलवायची. हे तिनं कधी सांगितलं नाही. पण तुम्ही तिथं असतात तर तुम्हालाही कळलं असतं. लाटताना तिची नजर फोनवरून हलत नसे.

करायची काय, तर पातळ पोळीत पालक आणि खारट चीज भरून, घडी घालून तव्यावर भाजायची.

"अगंबाई, हा तर आपला पालक पराठा!" मी पहिल्याच दिवशी म्हणाले.

"नो पराठा. गोझ्लेमे."

तिनं असं काही पाहिलं, की मी पुन्हा पराठ्याचं नाव काढलं नाही.

आणखी एक घोटाळा होता. पानात टाकायचं नाही, हे माझ्या आईनं चापट्या मारून शिकवलेलं. तेझेकडे रिकामी ताटली म्हणजे पाहुणी अजून उपाशी. मी संपवायची, ती वाढायची. दोघीही आपापल्या संस्कारांना धरून होतो. शेवटी नवरा म्हणाला, "तुला दुबई मानवली हं!" तेव्हापासून मी ताटलीत एक तुकडा ठेवू लागले, आईची मनातल्या मनात माफी मागून.

एका हिवाळ्यात फोन यायचाच थांबला. सुरुवातीला ती म्हणायची, "लाइन खराब." मग तेही म्हणेना. ठोके मात्र रोज पडत. कणीक जास्त भिजवायला लागली आणि खाणारी मी एकटी. खरं सांगते, मला जायला नको वाटायचं. काय बोलायचं त्या बाईशी? "इन्शाल्ला, येईल फोन" असं किती वेळा म्हणणार? पण न जाऊन करता काय!

आणि एका रात्री फोन वाजला. ती हलेना. हात पिठात, डोळे फोनवर.

"तेझे, फोन!"

"तुम उठाओ." तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बुरी खबर है तो मुझे मत बोलना."

आता मला तुर्की येतं किती? त्या ओट्यापाशी शिकले तेवढंच, सगळं खाण्याचं. मी रिसीव्हर उचलला. कुणी पुरुष भराभर काही बोलला. मुलगा की त्याचा साहेब, देव जाणे. मुलाशी मी कधी बोललेच नव्हते. घाबरून तोंडात आलं ते म्हणून टाकलं, "गोझ्लेमे!"

मग तो आवाज म्हणाला, "इस्पनाकली?"

इस्पनाक म्हणजे पालक. वाईट बातमी द्यायला फोन करणारा साहेब, आत पालक आहे का, असं विचारत नाही.

"अगं, पालकाचं आहे का, असं विचारतोय!" मी चक्क मराठीत ओरडले.

तिला कळलं. पिठाच्या हातानं तिनं रिसीव्हर हिसकावला आणि मुलाला अशा शिव्या घातल्या, की भाषा येत नसूनही मला लाज वाटली. बर्फात लाइन तुटली होती म्हणे. तव्यावरचं करपत होतं, ते मी रडत रडत उलटलं.

उन्हाळ्याआधी तो सुटून सुखरूप घरी आला आणि तेझे दुबई सोडून त्याच्याकडे गेली. मला फार आनंद झाला, अगदी मनापासून. पुढे कितीतरी दिवस रात्री अकराच्या सुमाराला मला भूक लागायची. फ्रिज भरलेला असायचा. मी तो उघडायची, बघायची आणि तशीच झोपायला जायची.